चेंबर नंबर तीन

तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला
कॉम्प्रेसर सांभाळतो मी. दस्तगीर नदाफ.
तीन नंबरच्या चेंबरात,
पंधरा-पंधरा किलोच्या बॉक्सांच्या थप्पीमागं
सतरा वर्षं एक बाटली झोपून होती.

पलूसचा वाइनचा कारखाना बंद पडला
तेव्हा तिथल्या केमिस्ट, सुलक्षणा कोष्टी मॅडम,
स्कूटीच्या डिकीतून टॉवेलात गुंडाळून घेऊन आल्या.
शिकवायला आलेला फ्रेंच म्हातारा
जाताना त्यांच्या हातात ठेवून गेलेला.
लेबलावर दोन मनोऱ्यांची हवेली,
खाली साल, १९७८.
शातो मोंब्रियाक, मॅडम म्हणाल्या.
मी पावतीवर लिहिलं: बाटली, नग एक.
आमचे मगदूम मालक कांद्यालाही शिवत नाहीत,
पावती वाचून म्हणाले,
"आत काय आहे ते मला सांगू नका."
मीही कुठं चाखणार होतो. आमच्यात चालत नाही.

आडवी ठेवा, मॅडमनी बजावलं,
बूच ओलं राहिलं पाहिजे.
पोत्याची घडी करून निजवली.

अठ्ठ्याहत्तर साली मी दुसरीत होतो.
त्या साली तिकडं पडलेला पाऊस
अजून त्या काचेत आहे, हे मला रात्रपाळीत आठवायचं.
आम्ही इथं चार किलो द्राक्षाचा किलोभर बेदाणा करतो,
पाणी उडून जातं, सुरकुती उरते.
त्यांनी पाणी ठेवलं
आणि साल-बिया फेकून दिल्या.
कुणाचं शहाणपण मोठं, मला ठरवता आलं नाही.

गेल्या माघात पुण्याचे देवस्थळी आले.
हातात पांढरे मोजे, छोटी बॅटरी.
खरसुंडीच्या बाजारात बैलाचे दात बघावेत
तशी त्यांनी बाटलीची मान बघितली.
गंधकाच्या धुरीनं लेबल जरा पिवळलेलं,
तेवढ्याचे पैसे तिथंच कापले.
मग विचारलं, "इतकी वर्षं ही कशात राहिली?
कागद काही आहे का?"

मी वह्या आणल्या.
दर दोन तासांचं तापमान, सतरा वर्षांचं,
माझ्या अक्षरात, निळ्या शाईत.
देवस्थळी खुर्चीवरून उठलेच.
"जरा जास्त थंड, पण हललं नाही.
काका, भाव बाटलीला नाही हो,
भाव या वह्यांना आहे."
पानापानाचे फोटो काढत राहिले.
माझ्या अक्षराचा फोटो
याआधी कुणी काढला नव्हता.

पण त्यात एक रात्र आहे.
थोरली मिरजेला सिव्हिलात अडली होती,
मी कुणाला न सांगता गेलो.
पहाटे नातू बघून परतलो
तर लाइट गेलेली, जनरेटर गप्प,
तीन नंबरचं दार घामेजलेलं,
काटा चौदावर.
बेदाणा वाचला. बेदाणा सोसतो.
मी वहीत खाली खाली लिहीत गेलो,
दहा वाजता चार अंश, बारा वाजता चार अंश,
दोन वाजता चार अंश.

देवस्थळी त्या पानावर आले.
फोटो काढला. पान उलटलं.
मी तोंड उघडलं होतं,
तेवढ्यात चहा आला.

मॅडमना किती मिळाले, मी विचारलं नाही.
त्यांनी जाताना माझ्या खिशात पाकीट कोंबलं
आणि मालकांचं राहिलेलं भाडं चुकतं केलं,
वर्षाचे साठ रुपये, एका नगाचे.

पुण्यात किंवा आणखी कुठं लांब
कुणी ती उघडेल,
ग्लास नाकाशी नेईल, डोळे मिटेल,
आणि एका घोटात त्याला
जराशी ऊब लागेल, कारण कळणार नाही.
तो माझा नातू. आता पहिलीत आहे.

पोत्यावर लांबट खड्डा अजून आहे.
त्यावर मी बॉक्स ठेवू देत नाही.
वही नवीन घातली.
काल त्यात लिहिलं:
रात्री दोन वाजता. डोळा लागला होता.
काटा बघितला नाही.